वासात काय आहे, भावा?

ज्योतिबाच्या डोंगरावर चैत्री यात्रेत दोन गोष्टींना तोटा नसतो, गुलाल आणि दवणा. गुलाल दोन आंघोळींत जातो. दवण्याची जुडी मात्र देव्हाऱ्यात वाळून काडी झाली तरी वास सोडत नाही. त्यात देवाची कृपा असेलच, शिवाय पंधरा कार्बन अणूंचा एक रेणूही आहे. त्याचं नाव डॅवानोन, आपल्या दवण्यावरूनच पडलेलं.

हल्ली ज्यांना सगळे इसेन्शिअल ऑइल म्हणतात, ती झाडांची सुगंधी तेलं शेंगतेलाच्या जातीची नसतातच. कागदावर शेंगतेलाचा थेंब पडला तर डाग कायमचा. संत्र्याच्या सालीच्या तेलाचा पडला तर थोड्या वेळात गायब. सुगंधी तेल म्हणजे हवेत सहज उडणाऱ्या, पाण्यात फारशा न विरघळणाऱ्या रेणूंची गर्दी. एकेका तेलात असे कितीतरी रेणू, काहींत शंभरावर. झाड ते बनवतं किडे, बुरशी आणि चरणारी जनावरं लांब ठेवायला, कधी परागकण नेणाऱ्या माश्यांना बोलवायला. झाडाचं हे हत्यार माणसानं उचलून फोडणीत टाकलं. कोल्हापूरकरांनी जरा सढळ हातानं.

नोबेलवाला भाऊबंद

या रेणूंतले बरेचसे टर्पिन घराण्यातले. पाच-पाच कार्बनचे तुकडे जोडून झाड ते तयार करतं. दोन तुकडे जोडले की दहा कार्बनचा हलका रेणू होतो, तो चटकन उडतो. लिंबाची साल सोलताना नाकात शिरतो तो लिमोनीन यातलाच. तीन तुकडे जोडले की पंधरा कार्बनचा जड रेणू होतो आणि तो सावकाश उडतो. दवणा वाळला तरी दरवळतो तो याचमुळे.

दवण्याचं शास्त्रीय नाव आर्टेमिसिया पॅलेन्स. जगातलं बहुतेक सगळं दवणा तेल भारतात निघतं, मुख्यतः कर्नाटक आणि आंध्रात, आणि ते परदेशी परफ्यूमवाल्यांकडे जातं. दोन माणसांच्या मनगटावर ते दोन तऱ्हेचं दरवळतं, असं अत्तराच्या धंद्यातले लोक सांगतात.

याच आर्टेमिसिया कुळात दवण्याचं एक चिनी भावंड आहे, आर्टेमिसिया ॲन्युआ. तू योयो या चिनी संशोधक बाईंनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यातून आर्टेमिसिनिन काढलं, आणि मलेरियाच्या उपचाराची दिशाच बदलली. २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. आर्टेमिसिनिनही पंधरा कार्बनचंच. गंमत अशी, की पाला उकळून काढा केला तर औषध नीट उतरत नव्हतं. चौथ्या शतकातल्या एका चिनी ग्रंथात पाला थंड पाण्यात भिजवून पिळायला सांगितलं होतं. त्यावरून बाईंना सुचलं, की उष्णतेनंच घात होत असणार. त्यांनी ३५ अंशांना उकळणारं ईथर वापरलं आणि काम फत्ते झालं. जुन्या पोथीतलं वाक्य प्रयोगशाळेत तपासून घ्यायचं असतं ते असं. आपल्याकडे पोथी दाखवून वाद घालणारे पुष्कळ, ईथर आणणारे थोडे.

तांबडा जिभेचा, पांढरा नाकाचा

आता थेट ताटाकडे. तांबड्या रश्श्याचा जाळ मिरचीतल्या कॅप्सेसिनचा. हे कॅप्सेसिन सुगंधी तेलात मोडत नाही, कारण ते वाफेबरोबर उडून येत नाही. आता पांढरा रस्सा वाटीत घ्या. मटणाचं आळणी, नारळाचं दूध, काजू-खसखस, आणि वर वेलची, लवंग, दालचिनी, मिरी. लाल तिखटाचा पत्ता नाही. त्याची सगळी मिजास उडणाऱ्या रेणूंवर. वेलचीतलं सिनिओल, लवंगेतलं युजेनॉल, दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड. म्हणून पांढरा रस्सा वाफाळता असेल तरच प्यावा. निवला की त्यातलं निम्मं शास्त्र झोपतं. हे माझं मत, पण त्याला रसायनशास्त्राचा आधार आहे.

मिरची खरं तर तोंड भाजत नाही. आपल्या मज्जातंतूंवर साधारण ४३ अंशांच्या वरची उष्णता ओळखणारा एक ग्राहक असतो, कॅप्सेसिन त्याचंच बटण दाबतं. मेंदूला वाटतं आग लागली. डेव्हिड ज्युलियस यांच्या चमूनं १९९७ साली हा ग्राहक शोधला तो कॅप्सेसिन वापरूनच. पुढे २००२ मध्ये मेंथॉलच्या मदतीनं थंडीचा ग्राहकही सापडला. पुदिना थंड नसतो, फक्त थंडीचं बटण दाबतो. या कामासाठी २०२१ साली ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना नोबेल मिळालं. मिसळ खाऊन घाम पुसणाऱ्या कुणालाही विषय माहीत होता, फक्त शोधनिबंध लिहायचा राहिला.

लसूण ठेचेपर्यंत गप्प

उन्हाळ्यात कोल्हापुरात वर्षाची चटणी होते. बाहेरचे लोक तिला कांदा-लसूण मसाला म्हणतात. त्यातला लसूण मोठा बिलंदर आहे. अख्ख्या पाकळीला वास जवळजवळ नसतोच. तिच्या एका कप्प्यात ॲलिन असतं, दुसऱ्यात ॲलिनेज नावाचं एन्झाइम. पाकळी ठेचली की दोघांची गाठ पडते आणि काही सेकंदांत ॲलिसिन तयार होतं. तो झणका त्याचा. १९४४ साली कॅव्हॅलिटो आणि बेली या अमेरिकी शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढून त्याची जीवाणूंवरची ताकद दाखवली. पण ॲलिसिन फार अल्पायुषी. तापवलं की मोडतं आणि त्यातून गंधकाचे दुसरे रेणू होतात. म्हणून ठेचलेल्या लसणाचा, तळलेल्या लसणाचा आणि लसूण तेलाच्या बाटलीचा वास वेगळा, आणि तिघांचं औषधी वागणंही वेगळं.

कांद्याचं तंत्र थोडं पुढचं. तो कापल्यावर डोळ्यांत पाणी आणणारा वायू खास एका एन्झाइममुळे होतो, हे जपानी संशोधकांनी २००२ साली दाखवलं. त्याबद्दल त्यांना २०१३चं इग नोबेल मिळालं. ते पारितोषिक आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात.

एक झाड, तीन तेलं

दालचिनीच्या सालीतून काढलेल्या तेलात मुख्य सिनॅमाल्डिहाइड. त्याच झाडाच्या पानांतून काढलं तर मुख्य युजेनॉल, म्हणजे लवंगेचा वास. मुळांच्या सालीतून काढलं तर कापूर! झाड एक, बाटल्या तीन. आता दुकानात नुसतं ‘दालचिनी तेल’ असं लिहिलेलं दिसलं, तर कुठल्या मजल्यावरचं ते विचारा.

डाव्या पायाची चप्पल

बाळंतशेपा आणि स्पिअरमिंट जातीचा पुदिना यांचे वास शेजारी ठेवून पाहा. अजिबात जुळत नाहीत. पण दोघांतला मुख्य रेणू एकच, कार्व्होन. तेवढेच अणू, तीच जोडणी. फरक फक्त डाव्या-उजव्याचा, कोल्हापुरी चपलेच्या जोडासारखा. एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. आपल्या नाकातले ग्राहकही डावे-उजवे असल्यामुळे एक चप्पल घातली तर शेपू वाटतो, दुसरी घातली तर च्युइंगगम.

बाळंतशेपा पोटातल्या वाताला चांगला, हे आपल्या आज्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डनं १८५१ साली ग्राइप वॉटर काढलं, तेही शेपूच्या तेलावर. जुन्या ग्राइप वॉटरमध्ये मद्यार्कही असायचा. बाळ शांत व्हायचं ते नेमकं कशानं, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही.

दवाखान्यातला तो वास

दातांच्या डॉक्टरांच्या दारातच पोटात गोळा येतो, तो बहुतेकदा लवंगेमुळे. युजेनॉल आणि झिंक ऑक्साइड कालवलं की घट्ट होणारी पुट्टी तयार होते. दात तात्पुरता भरायला ती एकोणिसाव्या शतकापासून वापरात आहे. युजेनॉल नसेतून जाणारा वेदनेचा संदेश अडवतं आणि जीवाणूंनाही मारतं. दुखऱ्या दाढेत लवंग धरायचा घरगुती उपाय म्हणजे हाच प्रकार, फक्त खुर्ची आणि बिल वगळून. मत्स्यशास्त्रज्ञ मासे हाताळताना त्यांना गुंगी आणायलाही लवंगेचं तेल वापरतात.

लवंग तेलाच्या बाबतीत श्रीमंत आहे. शंभर किलो सुक्या कळ्यांतून पंधरा-वीस किलो तेल निघतं. उलट एक किलो गुलाब तेलाला तीन-चार टन फुलं लागतात. म्हणूनच गुलाबात भेसळ करायचा धंदा जुना आहे, आणि त्यात महाराष्ट्राचा हातभार मोठा. खानदेशच्या डोंगरांत रोशा गवत उगवतं. त्याच्या तेलात तीन चतुर्थांशाहून अधिक जिरॅनिऑल, आणि गुलाबाच्या वासातही जिरॅनिऑलचा वाटा मोठा. एकोणिसाव्या शतकात खानदेशात भट्ट्या लावून काढलेलं रोशा तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानकडे जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मुरायचं. युरोपात ते ‘टर्किश जिरॅनियम’ नावानं ओळखलं जाई. ना ते तुर्की, ना ते जिरॅनियम. गवत आपलं आणि नाव त्यांचं.

ओव्याची परदेशवारी

ओव्याच्या तेलात थायमॉल भरपूर. बाजारात खड्यांच्या रूपात ‘ओव्याचं फूल’ मिळतं ते हेच. पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानातला ओवा जर्मनीला जायचा आणि तिथे त्याचं थायमॉल व्हायचं. त्याचं गिऱ्हाईक मोठं होतं, कारण थायमॉल जंतुनाशक. १८७९ साली निघालेल्या लिस्टरीनमध्ये निलगिरीचं सिनिओल, मेंथॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट यांच्याबरोबर ते आजही आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात रॉकफेलर यांच्या पैशानं अंकुशकृमींविरुद्ध मोठी मोहीम झाली, तेव्हाही औषध हेच होतं, थायमॉल. जंतांवर ओवा द्यायची आपली रीत तिकडे कॅप्सूलमध्ये बसली होती.

अंगणातल्या कुंडीत ज्याची भजी करतात तो पानओवा वेगळ्याच कुळातला, तुळशीच्या. ओवा कोथिंबिरीच्या कुळातला. तरी वास सारखा, कारण दोघांनी आपापल्या वाटेनं थायमॉल आणि त्याचं भावंड कार्व्हॅक्रॉल गाठलं.

आणि आता घरबसल्या जादू. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल (म्हणजे मेंथॉल) आणि कापूर. तिन्ही खडे, तिन्ही कोरडे. एका बाटलीत सारख्या प्रमाणात घालून हलवा. पाण्याचा थेंब न घालता सगळं पातळ होतं. तिघांचे रेणू एकमेकांना शिस्तीत रचू देत नाहीत, त्यामुळे मिश्रणाचा वितळणबिंदू घसरून खोलीच्या तापमानाखाली जातो. लाहोरच्या पंडित ठाकूरदत्त शर्मांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘अमृतधारा’ नावानं याच त्रिकुटाचं औषध देशभर नेलं. जादू बघून झाली की बाटली उंच फळीवर ठेवा. का, ते पुढे येतंच.

तालमीची माती

राजर्षी शाहूंनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ सालचं. कुस्तीची लाल माती म्हणजे नुसती माती नसते. तीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर, काव असं काय काय घालतात, आणि प्रत्येक तालमीचं प्रमाण निराळं. वासानं पाहिलं तर हा भरगच्च ऐवज आहे. लिंबातलं लिमोनीन, हळदीतलं टर्मेरोन आणि कापूर. कापूर न वितळता थेट उडतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा घालावा लागतो.

शेजारच्या सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हळद म्हटलं की लोकांना कुरकुमिन आठवतं. पण हळद वाफेवर ठेवून तेल काढलं तर त्यात कुरकुमिन येतच नाही, ते खाली चोथ्यात राहतं. तेलात असतात टर्मेरोन, आणि त्यांचे गुण वेगळे. त्यामुळे ‘हळदीच्या सुगंधी तेलात कुरकुमिनची ताकद’ अशी जाहिरात दिसली तर खुशाल हसा. नागपंचमीच्या पातोळ्यांना येतो तो हळदीच्या पानांचा वास तर तिसराच.

कुस्तीनंतर खांद्याला चोळतात त्या मलमांत मेंथॉल, कापूर आणि मिथाइल सॅलिसिलेट. हे शेवटचं ॲस्पिरिनचं नातेवाईक आणि कातडीतून रक्तात शिरणारं. अमेरिकेत २००७ साली एका तरुण धावपटूचा अशाच मलमांच्या अतिवापरानं मृत्यू झाला होता. थोडं चोळलं तर आराम. सगळं अंग माखलं तर विषबाधा.

मग हे औषध की नुसता घमघमाट?

या तेलांचं रसायन उलगडण्यात आपल्या माणसांचाही वाटा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुगंधी तेलांचा स्वतंत्र विभाग होता आणि शशांकचंद्र भट्टाचार्य त्याचे प्रमुख होते. तिथेच टर्पिनांवर काम केलेल्या सुखदेव यांना या क्षेत्रातला अमेरिकन केमिकल सोसायटीचा अर्नेस्ट ग्वेंथर पुरस्कार १९८० साली मिळाला. म्हणजे कुठल्या तेलात काय आहे, हे आता बऱ्यापैकी ठाऊक आहे. ते शरीरात काय करतं, हा वेगळा आणि जास्त अवघड प्रश्न.

‘अमुक तेलानं जीवाणू मेले’ अशी बातमी दर महिन्याला येते. काचेच्या बशीत मरतातच. थायमॉल, युजेनॉल यांसारखे रेणू जीवाणूच्या आवरणाला भोकं पाडतात. पण आपल्या पेशींनाही आवरण असतं, आणि मोठ्या मात्रेत तेही सुटत नाही. शिवाय तोंडावाटे घेतलेलं थायमॉल किंवा युजेनॉल यकृत चटकन गुंडाळून लघवीवाटे बाहेर टाकतं. बशीत पोचलं तितकं तेल फुप्फुसापर्यंत किंवा सांध्यापर्यंत पोचतच नाही. बशी आणि माणूस यांच्यातलं हे अंतर बातमीत सांगायचं राहून जातं.

तरी काही तेलं माणसांवरच्या चाचण्यांत टिकली आहेत. पेपरमिंट तेलाच्या, जठरात न विरघळता आतड्यात उघडणाऱ्या कॅप्सूल आतड्याच्या मुरड्यावर, म्हणजे आयबीएसवर, उपयोगी पडतात. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१च्या मार्गदर्शिकेत त्यांचा समावेश केला. मेंथॉल आतड्याचे स्नायू सैल करतं, हे त्याचं कारण. ऑस्ट्रेलियातल्या १९९०च्या चाचणीत टी ट्री तेलाच्या ५ टक्के जेलनं मुरुमं कमी झाली. नेहमीच्या बेंझॉइल पेरॉक्साइडपेक्षा हळू, पण त्रासही कमी झाला. जर्मनीत लॅव्हेंडर तेलाच्या कॅप्सूल चिंतेवर आणि सिनिओलच्या सायनसवर देतात. दातांसाठी युजेनॉल आहेच. यादी एवढी लहान नाही, पण बाटलीवरच्या दाव्यांइतकी लांब तर नाहीच नाही. कर्करोग बरा करणारं सुगंधी तेल कुणी विकत असेल तर तो औषध विकत नाही, तुमची भीती विकतोय.

आता ती उंच फळी. कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर काही मिनिटांत झटके येऊ शकतात. म्हणूनच अमेरिकेत अंगाला लावायच्या औषधांत तो ११ टक्क्यांपेक्षा जास्त घालता येत नाही. लवंग तेलाचे दोन-तीन चमचे पोटात जाऊन लहान मुलांचं यकृत निकामी होऊ लागल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. सर्दीवर तान्ह्या बाळाच्या नाकाखाली कापूर किंवा निलगिरी लावायची सवय मोडायलाच हवी, आजीचा कितीही राग ओढवला तरी. मांजरांना तर ही तेलं पचवताच येत नाहीत, त्यांच्या यकृतात लागणारी यंत्रणा अपुरी असते. घरात मांजर असेल तर डिफ्यूझर बंद ठेवा.

खरेदीबद्दल शेवटचं. निर्गुडीचा पाला तिळाच्या तेलात उकळून केलेलं तेल आणि निर्गुडीच्या पानांची वाफ थंड करून काढलेलं तेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिलं मालिशीला सरळ वापरता येतं. दुसरं थेंबाथेंबानं, साध्या तेलात पातळ करूनच लावायचं. म्हणून बाटली घेताना तीन गोष्टी बघा: झाडाचं शास्त्रीय नाव, झाडाचा कुठला भाग, आणि तेल काढायची पद्धत. यातलं एकही लेबलवर नसेल तर बाटली परत ठेवा आणि त्याच पैशात पाव किलो अख्खा गरम मसाला घ्या. तो निदान रश्श्यात तरी पडेल.